ह्यूस्टनला जावं की पॅकेज घ्यावं?

प्रश्न : आमची तेल कंपनी कॅलिफोर्नियातलं ऑफिस बंद करून सगळं ह्यूस्टनला हलवतेय. बदली नको असेल तर नोकरीच्या दर वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार मिळेल. माझी १४ वर्षं झालीत, पगार १,५६,००० डॉलर. येत्या एप्रिलमध्ये मला ५५ पूर्ण होतील. शेवटचा दिवस डिसेंबरात की जानेवारीत, ते अजून ठरायचंय.

उत्तर : शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच सगळी गोम आहे. जानेवारी मागून घ्या.

तुमचे २८ आठवड्यांचे ८४,००० डॉलर होतात. त्यातून केंद्राचा २२ टक्के आणि कॅलिफोर्नियाचा ६.६ टक्के आयकर कापतात, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. पण ही नुसती कपात. खरा हिशेब रिटर्न भरताना. डिसेंबरात मिळालेली रक्कम वर्षभराच्या पगाराच्या डोक्यावर बसते. जानेवारीत मिळाली आणि नवी नोकरी लगेच लागली नाही, तर तीच रक्कम खालच्या टप्प्यांत बसते.

दुसरं, ४०१के, म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं. ज्या कॅलेंडर वर्षात ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्या कंपनीच्या खात्यातून पैसे काढताना १० टक्के दंड लागत नाही (आयकर लागतोच). एप्रिलपर्यंत थांबायला नको, जानेवारी पुरतो. ३१ डिसेंबरला सुटलात तर मात्र ही सवलत गेली. अनेक जण नोकरी सुटताच पैसे घाईने आयआरएत (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) वळवतात. तिथे ही सवलत लागू नाही.

पॅकेजच्या करारावर सहीची घाई करू नका. एकाच वेळी अनेकांना काढत असतील, तर चाळिशीपुढच्यांना विचाराला ४५ दिवस आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस कायद्याने मिळतात. एचआर ‘शुक्रवारपर्यंत कळवा’ म्हणालं तरी. कंपनीचा आरोग्य विमा कोब्रा कायद्याखाली १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के. आकडा आधीच मागा.

जायचंच ठरलं तर सामान हलवायला कंपनीने दिलेले पैसे २०१८ पासून करपात्र आहेत. ‘ग्रॉस-अप’ देणार का, म्हणजे त्यावरचा कर कंपनी भरणार का, ते लेखी घ्या. वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याची अट असते. कंपनीनेच काढलं तरी ती लागू आहे का, ते वाचा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी जबर. आधीच्या मालकाच्या बिलावर विसंबू नका. त्यात त्याच्या सवलती धरलेल्या असतात. तुमच्या खरेदी किमतीवर दर लावून पाहा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे. माझं काय?

उत्तर : पॅकेज घेतलंत तर नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस देशात राहता येतं, आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. पॅकेजचे हप्ते येत राहिले म्हणून ही मुदत वाढत नाही. ह्यूस्टनला जाणार असाल तर तिथे कामाला लागण्याआधी कंपनीने सुधारित एच-१बी अर्ज दाखल केलेला हवा. पर्म (ग्रीन कार्डासाठी लागणारं कामगार खात्याचं प्रमाणपत्र) ठिकाणाशी बांधलेलं असल्याने ते बहुधा नव्याने करावं लागेल. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख) मात्र जुनीच राहते. आय-४८५ (प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झाले असतील आणि काम त्याच स्वरूपाचं असेल, तर पर्मचीही गरज नाही.