गच्चीवरचा कॅमेरा

प्रश्न : नटनट्यांची लग्ने आणि काडीमोड यांवरच वृत्तवाहिन्या दिवस का घालवतात?

उत्तर : कारण ही बातमी स्वस्तात पडते. १४ एप्रिल २०२२ रोजी आलिया भट व रणबीर कपूर यांचे लग्न वांद्र्यातील राहत्या घरी झाले, तेव्हा इमारतीखाली ताटकळणारा वार्ताहर आणि आत शिरणाऱ्या गाड्यांच्या काळ्या काचा एवढ्या भांडवलावर तासन्‌तास प्रक्षेपण चालले. (तेही आपण पाहिलेच!) फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र शेजारच्या गच्चीवरून, स्वतःच्या दिवाणखान्यात बसलेल्या आलियांची छायाचित्रे टिपून प्रसिद्ध केली गेली, आणि त्यांना समाजमाध्यमावर मुंबई पोलिसांचे लक्ष वेधावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. त्यातून नटनट्यांना वगळलेले नाही.