रिटायर झाल्यावर गावी जाऊन गावासाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांनी रिटायर होताय, पुण्यातलं घर मुलाकडे सोपवून जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या गावी जायचंय आणि पुढचं आयुष्य गावासाठी द्यायचंय, पण नेमकं काय काम धरावं ते कळत नाही. मी हेच केलंय म्हणून उत्तर देतोय, जरा लांबेल.

मी 34 वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर गेली, आणि 2016 ला नाशिक सोडून अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. आल्या आल्या मी पोरांसाठी अभ्यासिका काढली. घरची पुढची खोली, टेबलं, पंखे, एमपीएससीची पुस्तकं, सगळा खर्च फंडाच्या पैशातून. वर्षभरात तीन पोरं यायची, बाकीचे क्लाससाठी अमळनेरला जायचे आणि तिकडेच बसायचे, आणि कापसाच्या सीझनला शेजारच्याने विचारलं की नाना, खोली रिकामीच आहे तर गोण्या ठेवू का. त्या रात्री मला झोप लागली नाही. खूप दिवसांनी लक्षात आलं की मी गावाला विचारलंच नव्हतं तुम्हाला काय पाहिजे, मला जे द्यायचं होतं ते देऊन मोकळा झालो होतो.

मग मी काहीच केलं नाही. संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसायचो, बस. आणि तिथे लोक आपोआप पासबुक घेऊन यायला लागले, कारण मी बँकेतला एवढंच त्यांना माझ्याबद्दल माहीत होतं.

एक म्हातारी माय आली, म्हणे, "नाना, मन्हा पैसा बंद व्हई ग्यात." श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 यायचे ते तीन महिने आले नव्हते. तीन वेळा भाडं खर्चून तालुक्याला जाऊन आली होती बिचारी. खोलात गेलो तर पैसे बंद नव्हतेच, येतच होते, पण आता पैसे आधारवर येतात आणि आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असेल त्यात पडतात. मधे कोणीतरी मोबाईलवर तिचं दुसरं खातं उघडून दिलेलं, तिला त्याचा पत्ताच नाही. ते काढायला गेलो तर मशीनवर अंगठा उमटेना. मी तिचा हात हातात घेऊन बघितला, जन्मभर कापूस वेचून, वाळलेल्या बोंडांची टोकं टोचून टोचून बोटं अशी गुळगुळीत झालेली की रेषाच नाहीत. कोमट पाण्याने हात धुतले, थोडं खोबरेल लावून पुसलं, चौथ्यांदा अनामिकेवर जमलं. साडेचार हजार हातात आले तेव्हा ती रडली आणि मलाही राहवलं नाही.

दुसरी गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक जण 47 व्या वर्षी अटॅकने गेला, बायको खातं बंद करायचं कसं ते विचारायला आली. मी सवयीने पासबुकावरून बोट फिरवत गेलो आणि मे महिन्यात 436 रुपये कट झालेले दिसले. हे 436 म्हणजे जीवनज्योती विमा, दोन लाखाचा, नवऱ्याने कधीतरी फॉर्मवर सही केलेली आणि घरात कोणालाच माहीत नाही. ब्रँचमध्ये आधी सांगितलं उशीर झाला, आता होणार नाही, पण मी सोडलं नाही, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, फॉर्म, सगळं घेऊन चार चकरा मारल्या आणि दोन लाख तिच्या खात्यात आले. पोरगी आता नर्सिंगला आहे. तेव्हापासून गावात कोणी गेलं की तेराव्यानंतर मी त्या घरी जातो आणि पासबुक मागतो, 436 आहे का, 20 रुपये आहेत का (तो अपघाताचा), जुनं पडून राहिलेलं खातं आहे का. दहा वर्षं व्यवहार नसला तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडे वर्ग होते, पण ती बुडत नाही, वारसाला मागता येते, हे लोकांना कोणी सांगतच नाही.

लोक मला म्हणायचे, नाना, शिरपूरसारखं पाण्याचं काम करा. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून, बंधारे बांधून जे केलं ते मी जाऊन बघून आलोय, हात जोडावे असं काम आहे. पण ते भूजल खात्यातले भूवैज्ञानिक, खाली कोणता खडक आहे आणि पाणी कुठे मुरेल हे त्यांनी आयुष्यभर अभ्यासलेलं. मला पासबुक वाचता येतं. आणि आमच्या अमळनेरातच साने गुरुजी स्वतः छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, ते आठवलं की काम लहान की मोठं हा प्रश्नच मला पडत नाही.

काही गोष्टी मात्र पक्क्या ठरवून या. कोणाचा ओटीपी, एटीएमचा पिन विचारायचा नाही, कोणाचं पासबुक रात्री आपल्या घरी राहू द्यायचं नाही, आणि काम झाल्यावर चहासुद्धा त्यांच्या पैशाने घ्यायचा नाही. ग्रामपंचायतीला उभं राहणार नाही हे पहिल्याच वर्षी पारावर सगळ्यांसमोर सांगून टाका, मला दोन्ही पार्ट्यांनी विचारलं होतं, एकीकडून उभा राहिलो असतो तर अर्ध्या गावाने ओट्यावर येणं बंद केलं असतं. आणि घरच्यांशी आधी नीट बोला. आमच्या हिला नाशिक सोडणं जड गेलं, मैत्रिणी तिकडे, दवाखाना तिकडे, दोन वर्षं ती मनातून इथे नव्हतीच, आणि ते मी उशिरा ओळखलं.

सध्या नोव्हेंबर, पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची घाई आहे. मोबाईलवर चेहरा दाखवून होतं आता, फक्त उजेड चांगला लागतो म्हणून सकाळी आठलाच ओट्यावर बसतो, उद्या अकरा जण येणारेत.

तुम्ही कोणत्या खात्यातून रिटायर होताय ते लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, मग तुमच्या गावात त्यातलं काय कामी येईल ते सांगता येईल.