गणपतराव देशमुख वकील होते, त्या वकिलीचा त्यांना राजकारणात कितपत उपयोग झाला?

माझं मत विचाराल तर निवडून यायला फारसा नाही, निवडून आल्यावर मात्र भरपूर.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून ११ वेळा आमदार, हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. मधले दोन पराभव सहसा कुणी सांगत नाही. १९६२ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ला पडले आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ला पुन्हा पडले, तेही दोनशेच्या आतल्या मतांनी. १९९९ला परत आमदार! लोक मत द्यायचे ते एसटीनं फिरणाऱ्या, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) न सोडणाऱ्या आबांना, म्हणजे गणपतरावांना. त्यांची वकिलीची सनद कोण बघत होतं?

पण शेकापचा आमदार म्हणजे जवळजवळ कायमचा विरोधी बाक. मंत्रिपद दोनदाच मिळालं, १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) या आघाडीच्या सरकारात आणि १९९९च्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही डाव अर्धवटच राहिले. पुलोद १९८०मध्ये बरखास्त झालं आणि २००२मध्ये शेकाप सरकारबाहेर पडला. उरलेली सगळी वर्षं हाती काय? तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (सरकारच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणं), विधेयकावरची कलमवार चर्चा. नियम वाचायचा कंटाळा असलेल्याला ही हत्यारं चालवता येत नाहीत. तालुक्यात धडाडणारे कितीतरी आमदार सभागृहात गप्प बसतात ते याच कारणानं, असं मला वाटतं.

पाण्याचा लढा घ्या. सांगोला कायमचा दुष्काळी. कृष्णेचं पाणी तिकडे न्यायचं तर गाठ थेट कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाशी. १९७६च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं आणि फेरविचाराची मुभा होती ३१ मे २००० नंतर. त्याआधी वाट्याचं पाणी अडवून वापरात आणलं नाही तर पुढे हक्क सांगणं अवघड, ही धास्ती सगळ्यांनाच होती. पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांत आबा उभे राहिले तेव्हा मागणी नुसती 'पाणी द्या' एवढीच नव्हती. हक्काचं, समन्यायी वाटपाचं पाणी मागितलं जात होतं. अण्णांकडे चळवळीची ताकद होती, आबांकडे विधानसभेतली जागा आणि कायद्याची जाण. १९९६मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागात नेणाऱ्या टेंभू योजनेला मान्यता मिळाली. श्रेय एकट्या आबांचं नाही, सरकारलाही मुदतीची घाई होतीच. पाणी शेतात पोचायला मात्र पुढे कितीतरी वर्षं गेली, आणि १९९९ला सभागृहात परतल्यावर आबा अधिवेशनामागून अधिवेशन तोच विषय लावून धरत राहिले.