ओपन डेक बसमधून सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत सॅन फ्रान्सिस्को फार आहे. सुट्टीत मुलांकडे जाणारे आईवडील बरेच दिसतायत, शिवाय तिकडूनही एक पत्र आलंय. सगळ्यांचा विषय चायनाटाउनच, म्हणजे तिथली जुनी चिनी वस्ती, म्हणून तीन प्रश्न एकत्र घेतेय.

प्रश्न: ताई, मुलगी फ्रीमाँटला असते, आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. जावईबापू म्हणतात की वरून उघड्या बसचं दिवसभराचं तिकीट काढू, त्यात चायनाटाउनपण दिसतं. हिचे गुडघे दुखतात, चालणं जमत नाही फारसं. बसमधूनच बघितलं तर चालेल का, की उतरायलाच पाहिजे? मुंबईत नीलांबरी या उघड्या बसमध्ये बसलोय आम्ही, तसंच असतं का? (सांगली)

उत्तर: काका, बस नक्की घ्या, पण चायनाटाउनला उतरा, काकूंच्या गुडघ्यांना झेपेल असा रस्ता खाली सांगते.

आधी बसचं. बसायची पद्धत नीलांबरीसारखीच, वर मोकळं आणि जाताजाता माहिती, फक्त इथे हॉप-ऑन हॉप-ऑफ म्हणजे वाटेल तिथे उतरायचं आणि मागची बस पकडायची. थंडीचं मात्र मनावर घ्या, जून म्हटल्यावर आपल्या डोक्यात उन्हाळा असतो, आणि या शहरात जून ते ऑगस्ट समुद्रावरून धुकं आत येतं, वरच्या डेकवर वारा असा लागतो की स्वेटर, विंडचीटर आणि कानटोपी तिन्ही हवं. खरं ऊन सप्टेंबर-ऑक्टोबरला.

आता चायनाटाउन. ग्रँट अव्हेन्यू हा तिथला मुख्य रस्ता अरुंद आणि वन वे आहे, स्टॉक्टन स्ट्रीटवर डोक्यावर ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा, आणि आतल्या गल्ल्यांत तर मोठी गाडी शिरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे टूरच्या बसमधून जे दिसतं ते बहुतेक कडेकडेनं दिसतं. रूट आणि स्टॉप कंपनीप्रमाणे वेगळे असतात, बदलतातही, म्हणून तिकीट काढतानाच विचारा की चायनाटाउनला सगळ्यात जवळचा स्टॉप कुठला.

वरच्या डेकचा एक फायदा मात्र खरा आहे, नजर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला जाते. ग्रँट आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या पॅगोडासारख्या छपराच्या इमारती दिसल्या की नीट बघा, कारण चायनाटाउन आज त्या जागेवर आहे त्यात या छपरांचा मोठा वाटा आहे. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे भूकंप झाला, मग आगी लागल्या आणि सगळी वस्ती जळून गेली. शहरातल्या पुढाऱ्यांना ही जागा हवीच होती, बाजारपेठेला लागून असलेली मोक्याची जमीन, त्यांनी ठरवलं की चिनी लोकांना आता लांब हंटर्स पॉइंटला हलवायचं. चिनी सरकारच्या प्रतिनिधींनी ठाम सांगितलं की आमची वकिलात होती तिथेच परत बांधणार. शिवाय व्यापाऱ्यांनी दुसऱ्या शहराचा रस्ता धरला तर आपला व्यापार आणि कर बुडेल ही भीती शहराला होतीच. आणि त्याच वेळी लुक टिन एली नावाच्या व्यापाऱ्यानं पुढाकार घेऊन गोऱ्या आर्किटेक्टकडून सिंग चाँग ही इमारत बांधून घेतली, वर वळणदार छपरं, रंग, दिवे, म्हणजे बाहेरच्या लोकांना यावंसं वाटलं पाहिजे आणि हाकलायचा विषयच निघू नये. बाकीचे व्यापारीही तसंच बांधू लागले. आज आपण ज्याला 'किती टिपिकल चायनीज' म्हणतो तो चेहरा अमेरिकेत तयार झालाय, आणि तो हौसेनं नाही तर जागा टिकवायला तयार झालाय.

त्याच्या आधी टूर कशा व्हायच्या तेही सांगते, कारण बसमधून खाली बघताना हे माहीत असलेलं बरं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोरे पर्यटक रात्री गाईड घेऊन या वस्तीत यायचे आणि काही गाईड पैसे देऊन अफूच्या अड्ड्याचे देखावे उभे करायचे, लोक घाबरून आणि खूश होऊन परत जायचे आणि इथे राहणाऱ्या माणसांची बदनामी पक्की व्हायची. म्हणून माझी कळकळीची विनंती, वरच्या डेकवरून खिडक्यांचे आणि माणसांचे झूम करून फोटो काढू नका. खिडकीबाहेर कपडे वाळत दिसतील, ती माणसांची राहती घरं आहेत. आठ बाय दहा फुटांची खोली, त्यात कधी एकटा म्हातारा माणूस तर कधी अख्खं कुटुंब, संडास आणि स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांत मिळून, आपल्या गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही.

आता गुडघ्यांचा रस्ता. त्या भागात पश्चिमेला चढ आणि पूर्वेला उतार असतो, त्यामुळे वरून खाली यायचं. बसमधून युनियन स्क्वेअरला उतरा, तिथून म्युनीची, म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीची, टी लाइन भुयारातून चायनाटाउन-रोझ पाक स्टेशनला जाते, एकच स्टेशन, लिफ्ट आहे, २०२३ पासून पूर्ण वेळ सुरू आहे. वर आलात की स्टॉक्टन स्ट्रीट. तिथून वॉशिंग्टन स्ट्रीट हळूहळू उतरत या. डाव्या हाताला रॉस अ‍ॅली ही बोळ लागते, तिथे १९६२ पासूनचा फॉर्च्युन कुकीचा छोटा कारखाना आहे, बायका गरम चकती हातानं दुमडतात ती बघत बसावी अशी गोष्ट आहे. पुढे ग्रँट ओलांडलं की तीन छपरांची एक छोटी देखणी इमारत, आता बँक आहे, आधी तिथे चायनाटाउनचं टेलिफोन एक्स्चेंज होतं. ऑपरेटर बायकांना सगळ्या ग्राहकांची नावं पाठ, कारण माणसाला नंबरनं ओळखणं लोकांना उद्धटपणाचं वाटायचं, नाव सांगायचं आणि ती जोडून द्यायची, तेही चिनीच्या वेगवेगळ्या बोलींमधून. १९४९ ला डायल आले आणि ते संपलं. मला त्या सगळ्या परिसरात ही इमारत सर्वात आवडते. तिथून थोडं खाली उतरलं की पोर्ट्समाउथ स्क्वेअर, १८४६ मध्ये या गावात अमेरिकेचा झेंडा पहिल्यांदा लागला तो इथे. तिथे काही काम चालू असेल तर बाहेरूनच बघून टॅक्सी करा, परत चढ चढू नका.

आणि ड्रॅगन गेट, ग्रँट आणि बुश स्ट्रीटवरची ती हिरव्या कौलांची कमान, १९७० ची आहे, फोटोला छान आहे, तेवढंच.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सगळे म्हणतात चायनाटाउनला गेलात तर खाऊन या. आमच्यासारख्यांनी काय करायचं? वासाचा त्रास होतो म्हणतात. (ठाणे)

उत्तर: आधी नकोच्या गोष्टी सांगते. फॉर्च्युन कुकीत बहुतेक वेळा अंड्याचा पांढरा भाग असतो, एग टार्टमध्ये तर अंडंच, नुसत्या भाज्यांची म्हणून आलेली डिशसुद्धा ऑयस्टर सॉसमध्ये परतलेली असू शकते आणि 'व्हेज' सूपचं पाणी कोंबडीचं असू शकतं. 'नो मीट' एवढं म्हणून भागत नाही, अंडं नको, मासे नको, ऑयस्टर सॉस नको असं एकेक विचारायचं, फोनवर चिनीत लिहून दाखवलं तर सर्वात उत्तम. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण त्यांच्याकडे शतकानुशतकं आहे, टोफू, मशरूम, कमळाचा देठ, चायनीज कोबी असं सगळं एकत्र शिजवलेलं, मेनूत 'बुद्धाज डिलाइट' असं नाव असतं, ते मागवा आणि त्यातही अंडं आणि सॉस विचारून घ्या. काहीच जमलं नाही तर चहाच्या दुकानात जा.

वासाचं म्हणाल तर स्टॉक्टन स्ट्रीटवर जिवंत माश्यांच्या टाक्या आणि टांगलेली भाजलेली बदकं आहेत, ते बघवत नसेल तर त्या दुकानांपुढून पटकन पुढे जा पण तो रस्ता टाळू नका, कारण रोजचं खरं चायनाटाउन तिथे आहे, ग्रँटवर पर्यटकांसाठी मॅग्नेट आणि टीशर्ट जास्त. स्टॉक्टनला भाजीच्या दुकानांबाहेर खोकी लावलेली असतात आणि त्यात कारली, दोडके, कोहळा, अळकुड्या, हातभर लांब चवळीच्या शेंगा. आपल्याकडच्यापेक्षा कारलं जरा गुळगुळीत आणि फिकट, कडू कमी. आज्या एकेक शेंग मोडून बघून घेतात आणि दुकानदाराशी भावावरून बोलतात, भाषा कळली नाही तरी विषय कळतो. मुलीकडे जाताना भाजी इथूनच घेऊन जा.

प्रश्न: मी सनीवेलला राहते, नवरा आणि मी दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी इथेच जन्मली, आता तिसरीत आहे. पुण्याहून आईबाबा आले की दर वेळी ओपन बसनं सिटी टूर होते. पण मुलगी विचारते की हे आपलं नाहीये, मग आपण का बघतोय, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तिला काय सांगू? (सनीवेल, कॅलिफोर्निया)

उत्तर: तिला सांग की तुझा निळा अमेरिकन पासपोर्ट या गल्ल्यांमधून आलाय. मी हे मनापासून म्हणतेय.

१८७३ च्या सुमारास याच वस्तीत सॅक्रामेंटो स्ट्रीटवर एका चिनी जोडप्याला मुलगा झाला, वाँग किम आर्क. आईवडील चीनचे नागरिक, कायद्यानं त्यांना अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं. १८८२ ला तर चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा आला. मुलगा मोठा होऊन स्वयंपाकी झाला, चीनला जाऊन १८९५ ला परतला तर बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं तू नागरिक नाहीस, आणि त्याला बोटींवर अडकवून ठेवलं, एका बोटीवरून दुसरीवर, समोर स्वतःचं गाव दिसतंय आणि उतरता येत नाही. तो कोर्टात गेला. चिनी संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. २८ मार्च १८९८ ला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध २ असा निकाल दिला की इथे जन्मला तो इथला नागरिक, आईवडील कुठलेही असोत, परदेशी राजदूतांची मुलं वगैरे थोडे अपवाद सोडून. तुझी मुलगी जन्मली त्या दिवशी तिला जे आपोआप मिळालं ते या स्वयंपाक्याच्या खटल्यावर उभं आहे. जानेवारी २०२५ मध्ये टेंपररी व्हिसावाल्यांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पुन्हा हेच नाव होतं, तुमच्याकडे तेव्हा किती घरांत झोप उडाली असेल ते तुला सांगायला नकोच.

निकाल लागला म्हणून त्याचा त्रास थांबला असंही नाही, १९०१ ला टेक्सासमध्ये एल पासोला त्याला परत पकडलं आणि पुन्हा सिद्ध करायला लावलं. आणि वर ज्या लुक टिन एलीचं नाव आलं ना, छपरांवाल्या व्यापाऱ्याचं, तोही कॅलिफोर्नियातच जन्मलेला आणि चौदा वर्षांचा असताना चीनहून परतला तेव्हा त्यालाही असंच अडवलं होतं, १८८४ मध्ये कोर्टानं त्याला नागरिक ठरवलं. म्हणजे बसमधून तुम्ही ज्या छपरांचे फोटो काढता ती एकेकाळी दारात अडवलेल्या मुलानं मोठं होऊन उभी केलीयेत. तिसरीतल्या मुलीला हे बरोब्बर कळेल.

आणि 'आपलं' नाही असंही नाही. चिनी लोकांवर घातलेली बंदी पुढे आपल्यावर आली, १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणं बंद केलं, १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात कोर्टानं हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. चिनी बंदी उठली १९४३ ला आणि वर्षाला फक्त १०५ जणांना यायची परवानगी, आपल्यासाठी १९४६ ला दार उघडलं आणि आकडा होता १००. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाचं मुख्य ठाणं याच शहरात होतं आणि त्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता ज्याला १९१५ ला लाहोरला फाशी दिली. आईबाबा पुण्याचे म्हणतेस, तळेगाव ढमढेरे त्यांना माहीत असणारच, त्यांना नातीसमोर त्याच्याबद्दल बोलायला लाव. रस्त्यांवर गर्दी असेल त्या दिवशी सेंट मेरीज स्क्वेअरला जा, तिथे सुन यात-सेन यांचा पुतळा आहे, त्यांनी चीनच्या क्रांतीसाठी याच वस्तीतून पैसे जमवले. एकाच शहरात दोन देशांची क्रांती शिजत होती.

पुढच्या वेळी आईबाबा आले की एक दिवस बस सोडून फेरीबोटीनं एंजल आयलंड या बेटावर जा. १९१० ते १९४० तिथे इमिग्रेशन स्टेशन होतं, चिनी लोकांना आठवडे, महिने कोंडून उलटतपासणी व्हायची, गावात विहीर घरापासून किती पावलांवर, तुझ्या शेजाऱ्याला मुलं किती, असे प्रश्न, कारण १९०६ च्या आगीत जन्माचे दाखले जळाल्यावर इथे जन्मल्याचा दावा खोडणं अवघड झालं आणि बरेच जण अशा दुसऱ्याच कुणा नागरिकाचा मुलगा म्हणून कागद घेऊन येत होते. हिंदुस्थानी लोकही तिथे अडकले आणि परत पाठवण्याचं प्रमाण त्यांच्यातच सगळ्यात जास्त होतं. कोठडीच्या लाकडी भिंतींवर कैद्यांनी कोरलेल्या चिनी कविता अजून आहेत, इमारत पाडायची होती तेव्हा १९७० ला एका पार्क रेंजरच्या त्या लक्षात आल्या म्हणून वाचल्या. धक्क्यापासून स्टेशनपर्यंत बरीच चाल आणि चढ आहे, सीझनमध्ये गाडी मिळते, तिच्या वेळा आणि म्युझियम कुठल्या वारी उघडं ते निघायच्या आधी बघ, डबा घरून घे, आणि परतीची शेवटची फेरी लवकर असते ती चुकवू नको.