शब्द मोडला, तर जाब कशाचा विचारायचा?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

निवडणुकीतला शब्द पाळला नाही म्हणून नेत्याला दोष द्यायचा की परिस्थितीला, असं तू विचारलं आहेस. माझ्या मते दोष द्यावा, पण कशाचा ते आधी ठरव. काम न होण्यात मित्रपक्ष, केंद्र, न्यायालय, रिकामी तिजोरी असे बरेच वाटेकरी असतात. शब्द देताना त्याला काय ठाऊक होतं आणि मोडताना त्याने लोकांना काय सांगितलं, या दोन गोष्टींत मात्र वाटेकरी कुणी नसतो.

तुझ्या जन्माआधीचं एन्रॉन प्रकरण नीट वाच. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा, गुहागर तालुक्यातला दाभोळ वीजप्रकल्प. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला; तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. 1995 च्या प्रचारात शिवसेना-भाजप युतीने हाच करार चव्हाट्यावर आणला. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गोपीनाथ मुंडे यांची भाषा गावोगाव पोचली. युती जिंकली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडेंच्याच समितीने करार तपासला आणि ऑगस्ट 1995 मध्ये सरकारने तो मोडीत काढला. कुठलं आश्वासन पूर्ण, कुठलं अपूर्ण, असा जो तक्ता तू पाठवलास, त्यात इथे ‘पूर्ण’ अशी नोंद झाली असती.

नोव्हेंबरात एन्रॉनच्या वरिष्ठ अधिकारी रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. फेरवाटाघाटी झाल्या आणि 1996 च्या सुरुवातीला नवा करार ठरला. आधीचा प्रकल्प 2015 मेगावॉटचा होता, नवा 2184 चा. मूळ करारात दुसरा टप्पा घेणं न घेणं मंडळाच्या मर्जीवर होतं. आता तोही गळ्यात पडला. केंद्राच्या प्रतिहमीवर (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, या हमीवर) शिक्कामोर्तब केलं ते वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं.

युतीची अडचण खोटी नव्हती. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली होती, भरपाईची टांगती तलवार होती, विजेची गरजही होती. ‘आम्ही बोललो, पण करार मोडणं परवडणारं नाही,’ असं सरकार उघड म्हणालं असतं, तर माझ्यापुरता विषय संपला असता. पण नवा करार दर पाडून घेतल्याचा पराक्रम म्हणून मिरवला गेला. माझा राग त्या मिरवण्यावर आहे.

‘आमच्या हातात नाही’ हे कारण कानावर आलं की तारीख तपासायची. 2014 च्या निवडणुकीआधी बारामतीत धनगर समाजाचं आंदोलन चालू होतं. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांनी तिथे शब्द दिला: सत्ता आली की पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत अनुसूचित जमातीच्या आरक्षणाचा निर्णय. आता अनुसूचित जमातींची यादी बदलायचा अधिकार संविधानाच्या कलम 342 प्रमाणे फक्त संसदेला आहे. राज्याचं मंत्रिमंडळ फार तर शिफारस करेल. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही या मागणीच्या याचिका फेटाळल्या. अडचण शंभर टक्के खरी, पण शब्द दिला त्या दिवशीही ती तेवढीच खरी होती, आणि बोलणारा माणूस कायद्याचा पदवीधर. इथे परिस्थितीला मध्ये आणू नकोस.

कधी कधी माणूस बदलतो आणि दोष नेमका कुणाला द्यायचा ते कळेनासं होतं. 2004 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी जिंकली, खुर्चीत विलासराव देशमुख आले आणि वर्षभरात सवलत गेली. विलासराव म्हणू शकत होते, घोषणा माझी नव्हती. पण मतं ज्या दोन पक्षांनी घेतली तेच सत्तेत होते, म्हणून हा जाब पक्षांना.

ताजं उदाहरण तुला पाठ असेल. लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये 2100 करू, असं महायुतीने नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत सांगितलं. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात योजनेला 36,000 कोटी मिळाले, रक्कम 1500 च राहिली. दोन कोटी बहिणी धरल्या तरी 600 रुपयांच्या वाढीचे वर्षाला 14,400 कोटी होतात. शाळकरी गुणाकार आहे, तो प्रचारातही करता आला असता. (महाविकास आघाडी तर 3000 देणार होती. त्यांचा माणूस 2100 वरून ओरडायला लागला, की तुमचे 3000 कुठून येणार होते, हेही विचारत जा.)

कायद्याकडून फार आशा ठेवू नकोस. तमिळनाडूतल्या मोफत दूरचित्रवाणी संचांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन हा निवडणूक कायद्यातला भ्रष्टाचार ठरत नाही. त्याच निकालातल्या आदेशामुळे निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याचं कलम घातलं: आश्वासनामागचं कारण द्या, पैसा कुठून आणणार ते ढोबळमानाने सांगा. ते मोडलं म्हणून कुणाची आमदारकी जात नाही. पण तुझ्यासारख्याच्या हातात तो चांगला प्रश्न आहे, आणि तो प्रचारसभेच्या दिवशी विचारायचा असतो. पाच वर्षांनी विचारलास तर उत्तरं सगळ्यांची तयार असतात.

आता तक्त्याबद्दल. ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ हे दोन रकाने मी खोडले आहेत. त्याजागी शब्द दिल्याची तारीख, अधिकार कुणाचा, शासन निर्णय निघाला का, अर्थसंकल्पात तरतूद किती झाली, त्यातले खर्च किती झाले आणि माघार घेताना सभागृहात काय बोलले, हे भर. तरतूद पाहून थांबू नकोस. मार्चमध्ये कोटींचे आकडे वाचले जातात आणि पुढे पैसे सुटतच नाहीत, असं बऱ्याचदा होतं. विधिमंडळाच्या कामकाजाचे अहवाल उघडे असतात, ते चाळायचा कंटाळा करू नकोस. आणि जाहीरनाम्याची छापील प्रत मतदानाआधीच मिळवून ठेव. निकालानंतर पक्षकार्यालयात ती मागितलीस तर चहा मिळतो, प्रत मिळत नाही.

तुझा,
काका