नितळ आणि निळंशार: दोन्ही एकदम चालतं का?

प्रश्न असा: लक्षद्वीपच्या एका प्रवासवर्णनात ‘नितळ, निळंशार पाणी’ असं वाचलं. नितळ म्हणजे बिनरंगाचं ना? मग तेच पाणी निळंशार कसं?

चालतं की! समुद्रापुरतं बोलायचं तर ही जोडी फारच चपखल आहे. ‘नितळ’मधून कळतं ते पाणी किती आरपार दिसतं एवढंच, रंगाशी त्याला देणंघेणं नाही. शुद्ध पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं. पेल्यात ते जाणवत नाही, पण खोल पाण्यात तांबडं संपतं आणि निळा प्रकाश विखरून वर येतो. वाटेत गाळ, शेवाळ जितकं कमी तितकी निळाई गडद.

‘समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब’ हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांचं मत सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली बोटीच्या प्रवासात खोडून काढलं. निकोल प्रिझममधून, म्हणजे परावर्तित चमक गाळणाऱ्या स्फटिकातून पाहून त्यांनी पाण्यावरची आकाशाची चमक वगळली, तर निळाई आणखीच खुलली. त्याबद्दलचं टिपण त्यांनी धाडलं ते मुंबई बंदरातून, म्हणजे अगदी मातकट पाण्यावरून!

मुंबईचं पाणी गढूळच म्हणायचं. गाळ तळाशी बसला की पाणी ‘निवळतं’. माठात निवळीची बी उगाळायचे ती त्यासाठीच. खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ ओततात, आणि भावनगरला भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. त्या पाण्याला निवळायला उसंत कुठली? लक्षद्वीपला मुळात नदीच नाही.

हिरवट पाण्याला मात्र सरसकट गढूळ म्हणू नये. ती हिरवी झाक बहुधा सूक्ष्म वनस्पतींची असते. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर त्या माजतात आणि मासळीचं पोट भरतं. भर समुद्रातलं निळंशार पाणी त्या मानाने उपाशीच.

त्या लेखकाशी माझं भांडण असलंच तर जागेवरून. बेटाभोवती प्रवाळाचं जे कडं असतं त्याच्या आतलं पाणी उथळ, खाली पांढरी वाळू. प्रकाश तळावरून लगेच परततो आणि रंग दिसतो तो फिकट, हिरवा-निळा. त्याला फिरोजी म्हणावं. निळंशार पाणी कड्यापलीकडे, जिथे तळ एकदम खोल जातो तिथलं.