डबा मिळत नाही, तर रेडिओ मोडीत काढायचा का?

प्रश्न : घरी जुना वॉल्व्हचा रेडिओ आहे (आतले वॉल्व्ह : आवाजाचा ईएल८४, एसीचं डीसी करणारा ईझेड८०). धारवाड केंद्र लागतं, पण मागं सतत घुंई असते. आतला ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा (एकाच डब्यात दोन) कंडेन्सरचा डबा गेलाय म्हणतात. बेळगावात कुठं मिळाला नाही. १०० चे दोन घातले तर चालतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नका घालू. ईझेड८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर झेपत नाही. चार्जिंगच्या झटक्यानं वॉल्व्हच जाईल. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन सुटे कंडेन्सर घ्या. मायनस तारा डब्याच्या होत्या तिथंच चासीला (रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्याला) लावा. जुना डबा शोभेला राहू दे, पण त्याच्या प्लसच्या तारा सोडवा, नाहीतर त्याची गळती तशीच राहील.

खरी भीती दुसरीकडे आहे. ईएल८४ च्या ग्रिडला (सिग्नल जिथं शिरतो ती जाळी, पिन २) जाणारा मेणाचा कागदी कंडेन्सर तुमच्याकडच्या पावसाळी ओलीनं गळू लागतो. ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, वॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो नव्यानं गुंडाळून घेणं म्हणजे डोकेदुखीच. म्हणून हा कंडेन्सर न तपासताच बदला : जुन्यावर असेल तेवढाच, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर. नंतर पिन २ आणि चासीमध्ये व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. नवा कंडेन्सर घालूनही १ व्होल्ट प्लस दाखवलं, तर खोट ईएल८४ मध्येच.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा तारेचा बल्ब रेडिओच्या मेनच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या. एलईडी इथं कामाचा नाही. बल्ब जोरात पेटून मंदावला तर ठीक, तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. बंद केल्यावर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं कंडेन्सर रिकामे करा, मगच हात घाला. वॉल्व्हची नावं ‘यू’नं सुरू होत असतील, तर बहुधा सेटला मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चासीत करंट असू शकतो. असा सेट घरी उघडू नका.

प्रश्न : ट्रान्झिस्टर रेडिओतल्या आउटपुटच्या एसी१२८ ट्रान्झिस्टरांच्या जागी बीडी१४० बसवले. आवाज फाटतोय.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : एसी१२८ जर्मेनियमचा, ०.२ व्होल्टच्या आसपास चालू होतो, बीडी१४० सिलिकॉनचा, त्याला ०.६ लागतात. बेसला बायस (हा चालू ठेवणारा व्होल्टेज) देणाऱ्या दोन रेझिस्टरांपैकी कमी ओहमच्या जागी ५०० ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घाला. शून्यापासून हळूहळू वाढवा, आवाज बंद असताना जोडीचा करंट साधारण ५ मिलिअँपिअर झाला की थांबा. जोडीतला एकच बदलला असेल, तर दुसराही बदला.